ओरिजिनल आहे, आजी

ब्रेक ही भित्र्यांची सोय आहे, असं मी कित्येक वर्षं मानत आलो. तोंडाने तसं कधी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर घरच्यांनी त्याच दिवशी किल्ली काढून घेतली असती. पण माझा खर्च बघा. टाकीला मूळ रंगछटा मिळावी म्हणून नागपूरच्या पेंटरांकडे खेटे घातले, दोन्ही सायलेन्सरना नवं क्रोम चढवलं, मूळ आरसे मिळावेत म्हणून भंगारवाल्यांच्या ओळखी काढल्या. ब्रेकच्या लायनरसाठी मात्र अगदी नाइलाज झाला तेव्हाच हात खिशात गेला.

गाडी म्हणजे राजदूत ३५०. आमच्या पिढीच्या तोंडी नुसतं 'आरडी'. स्पोर्ट्स कार ही रामटेकसारख्या गावात मासिकाच्या पानावर बघायची गोष्ट होती. रस्त्यावर 'स्पोर्ट्स' म्हणावं असं जे काही आमच्यापर्यंत पोचलं, ते हेच. एस्कॉर्ट्सने १९८३ साली यामाहाच्या सहकार्याने ती इथे आणली. ३४७ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, जोडीने बसलेले दोन सिलिंडर आणि सहा गिअर. त्या काळी आमच्याकडे मोटरसायकल म्हणजे चार गिअरची बुलेट, नाहीतर येझदी, नाहीतर दूधवाल्याची साधी राजदूत. त्यांच्यात ही तीस अश्वशक्तीची गाडी येऊन उभी राहिली. ॲव्हरेजवरून ओरड झाल्यावर पुढच्या गाड्यांची ताकद २७ पर्यंत उतरवली, तरी गाडी पेट्रोल पीतच राहिली आणि दशक संपता संपता तिचं उत्पादन थांबलं. माझ्याकडे ती आली त्यानंतर काही वर्षांनी, एका हातावरून दुसऱ्या हातावर फिरत.

तिला थांबवणं कठीण आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. टू-स्ट्रोकला इंजिनाचा रोध नसल्यातच जमा. ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडी वाहतच राहते, चार-स्ट्रोकसारखी स्वतःहून आवरत नाही. म्हणजे सगळा भार ब्रेकवर, आणि ब्रेक पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम. ही उणीव आम्ही मोठ्या अभिमानाने सांगायचो. 'आरडीवाला ब्रेकने नाही, डोळ्याने गाडी थांबवतो' हे वाक्य मी पानठेल्यावर उभा राहून इतक्यांदा फेकलं आहे, की ते आता आठवलं तरी अंगावर काटा येतो. देवलापारच्या पुढे जंगल लागतं. तिथे रात्री रानडुक्कर आडवं आलं तर काय करशील, असं एका मित्राने विचारलं होतं. 'हॉर्न आहे ना,' मी म्हणालो. सगळे हसले. मीही हसलो.

या फुशारकीखाली आणखी एक जुनी भीती होती, ती मला फार उशिरा दिसली. लहानपणी सायकल शिकवताना मामा म्हणाले होते, "पुढचा ब्रेक धरशील तर डोक्यावरून जाशील." आमच्या गल्लीतल्या निम्म्या सायकलींना पुढचा ब्रेक नावालाच होता, काहींचे तर रबरही काढून टाकलेले. ते वाक्य हातात इतकं खोल मुरलं, की मोटरसायकल आल्यावरही मी पायानेच थांबत आलो. पुढचा ब्रेक हा उभ्या गाडीवर टेकून गप्पा मारताना धरायचा. म्हणजे ज्या ब्रेकबद्दल मी जगाला मतं ऐकवत होतो, तो मी कधी नीट वापरलाच नव्हता.

आणि मी शिकवतो काय? विज्ञान. नववीच्या पुस्तकात 'कार्य आणि ऊर्जा' असा धडा आहे. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, हे मी दरवर्षी फळ्यावर सोडवून दाखवतो. ४० च्या वेगात जेवढ्या अंतरात गाडी थांबते, त्याच्या चौपट अंतर ८० च्या वेगात लागणार. शिवाय ब्रेक दाबायचं डोक्यात येईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते. पोरं उदाहरण वहीत उतरवून घ्यायची. मी खडूचे हात झटकायचो, शाळा सुटली की त्याच हातांनी गाडी काढायचो आणि मनसर फाट्यापर्यंत पिटाळायचो. फळा आणि रस्ता यांची गाठ माझ्या डोक्यात कुठेही पडत नव्हती.

कामठीच्या एका आरडीवाल्याने त्याच्या गाडीला पुढे डिस्क बसवली, तेव्हा मी चार लोकांत म्हणालो, "ही आरडी नव्हे, आरडीचं कलेवर आहे." तो काही बोलला नाही. मला वाटलं, निरुत्तर झाला.

ती सकाळ श्रावणातली होती. पाऊस पडून गेला होता आणि बायकोला गडावर रामाच्या दर्शनाला जायचं होतं. गडमंदिराकडे चढणारा डांबरी रस्ता आमच्या रोजच्या ओळखीचा. वळणावळणाने वर जातो, एका बाजूला झाडी, एका बाजूला कठडा. वरच्या अंगाला एक काळीपिवळी थांबलेली दिसली. वानरांनी कुणाची तरी प्रसादाची पिशवी ओढली होती, पिशवीवाला आरडाओरडा करत होता, उतरणारे-चढणारे सगळे तमाशा बघत उभे. रामटेकला हे नवं नाही. मीही थांबलो.

चढावर मोटरसायकल थांबवली की डावा पाय जमिनीवर, उजवा मागच्या ब्रेकवर. डावीकडे ओल्या पाल्याचा थर होता. पाय सरकला, गाडी कलली, म्हणून मी उजवाही पाय खाली टेकला. आता गाडी धरून ठेवायला उरला फक्त पुढचा ब्रेक. तो मी दाबला. गाडी मागे जाऊ लागली.

आणखी दाबला. बोटं पांढरी पडेपर्यंत दाबला. लिव्हर हँडलला जाऊन टेकलं आणि गाडी सावकाश, अगदी निवांत, मागे चालली. क्लच सोडला असता तर गिअरमध्ये अडकून थांबली असती. पण घाबरलेल्या माणसाच्या दोन्ही मुठी एकदम आवळतात. उजव्या हाताने ब्रेक दाबताना डाव्याने क्लचही तितक्याच जिवाच्या आकांताने ओढला होता. मागून बायको म्हणाली, "अहो, गाडी मागे जाऊन राहिली!" आणि उडी मारून उतरली.

मागे एक म्हातारी चढत होती. हातात काठी, पायात काही नाही. बायकोने तिला दंडाला धरून बाजूला ओढलं. गाडीचं मागचं टोक कठड्यावर आपटलं, एका इंडिकेटरची काच फुटली आणि सगळं थांबलं. वेग म्हणाल तर चालणाऱ्या माणसाइतका असेल. कुणाला काही झालं नाही. वानरंसुद्धा आमच्याकडे न बघता पिशवी फाडत होती.

म्हातारीने काठी सावरली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "ब्रेक नाही का रे बाबू गाडीले?"

आणि मी म्हणालो, "आहे जी, आजी. ओरिजिनल आहे."

मला लाज वाटली ती या उत्तराची. गाडी मागे गेली, कठडा लागला, हे कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं. पण एका बाईला मी चिरडता चिरडता राहिलो होतो, आणि ती विचारत होती त्या प्रश्नाला माझ्या तोंडून काय निघालं? माफी नाही. 'लागलं का' नाही. गाडीची जाहिरात निघाली. आणि सूर! पानठेल्यावर नवख्या पोराला समजावताना जो सूर लागतो, तोच. थोडी कीव, थोडा मोठेपणा. इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्या घशात ते वाक्य तयारच होतं, फक्त कळ दाबायची होती.

तिला 'ओरिजिनल' म्हणजे काय, ते कळलं नसणार. ती "बरं" म्हणाली आणि चढू लागली. तिच्या त्या 'बरं'मध्ये राग असता तर मी भांडलो असतो, स्वतःची बाजू मांडली असती, आणि बहुधा आजही तीच बाजू मांडत बसलो असतो. रागच नव्हता. एखाद्या दुकानदाराने 'संपलंय' म्हणावं आणि आपण पुढे निघावं, तसं तिने माझं उत्तर घेतलं आणि सोडून दिलं. ज्या शब्दावर मी इतकं आयुष्य तोललं होतं, त्याचं तिथे त्या चढावर काहीच वजन नव्हतं. तिला एवढंच हवं होतं की गाडी तिच्या अंगावर येऊ नये.

बायको काही बोलली नाही. ती पायी वर गेली, पायीच खाली आली. मी गाडी घेऊन एकटा उतरलो, पहिल्या गिअरमध्ये.

त्याच दिवशी माझं मन बदललं, असं सांगायला मला आवडलं असतं. रात्री मी कारणं जुळवत होतो. पाला ओला होता. काळीपिवळीवाल्याने गाडी मध्येच उभी केली होती. वानरांचा बंदोबस्त कुणी करत नाही. जगात माझ्या ब्रेकखेरीज सगळ्या गोष्टींचा दोष मला सापडला. पण प्रत्येक कारणाच्या शेवटी ते उत्तर परत ऐकू यायचं, आणि ते माझ्याच आवाजात असल्यामुळे त्याच्याशी वाद घालता येत नव्हता.

आठवड्याने मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी पुढचं चाक उतरवलं, ड्रम उघडला आणि हवेचा पाइप उचलला. "फुंकू नका," मी म्हणालो, "जुन्या लायनरात ॲस्बेस्टॉस असतो, ओल्या फडक्याने पुसा." त्या दिवशी मी शहाण्यासारखं बोललेलं हे एकमेव वाक्य. मिस्त्रींनी पुसलं आणि शू माझ्या हातात दिला. लायनर इतका गुळगुळीत होता, की त्यात खिडकीचा उजेड चमकत होता.

"भाऊ, हे तर काचावानी झाले. केबल झिजली. हे सळी कधी जुळवलीच नाही कोणी." आणि मग, माझ्याकडे न बघता, "लोकं म्हणतात हे गाडी पळाले बनली, थांबाले नाही. मी म्हणतो, तुम्ही तिले थांबू देल्लं कधी?"

डब्याच्या झाकणावरच्या धुळीत बोटाने गोल काढून त्यांनी मला माझाच ब्रेक समजावला. चाक पुढे फिरत असलं की ड्रम शूला आपल्याबरोबर ओढतो आणि शू स्वतःच आणखी घट्ट रुततो. हाताचा जोर कमी, पकड जास्त. माझ्या गाडीच्या पुढच्या चाकात दोन्ही शू असेच, पुढच्या फेऱ्यात रुतणारे. त्यासाठीच दोन्हींना जोडणारी ती सळी. ती बेतशीर हवी, नाहीतर एक शू आधी लागतो आणि दुसरा नुसता बघत बसतो. पण चाक उलटं फिरलं की हीच युक्ती अंगावर येते. ड्रम दोन्ही शूंना आत ढकलायला लागतो आणि पकड सुटते. म्हणजे चढावर मागे घसरणारी गाडी नुसत्या या ब्रेकने धरायला जाणं मुळातच चूक, आणि त्यात लायनर असे. घर्षण शिकवणाऱ्या मास्तराला हे डब्याच्या झाकणावर कळलं.

मग मला जुन्या मासिकांचा गठ्ठा आठवला. त्यात होतं सगळं. डिस्क ब्रेकची कल्पना फार जुनी; लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९०२ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. १९५३ साली जॅग्वारची सी-टाइप डिस्क ब्रेक लावून ल मां-ची चोवीस तासांची शर्यत जिंकली, आणि त्यानंतर स्पोर्ट्स कारवाल्यांना वेगळं समजावायची गरज उरली नाही. एरवी वळणाआधी लांबूनच वेग उतरवावा लागायचा, ड्रम तापले की फुगून शूपासून लांब जायचे. चकती उघड्या हवेत फिरते, तिला तो त्रास कमी. मोटरसायकलीत होंडाने १९६९ मध्ये सीबी ७५० ला पुढे डिस्क दिली. आणि १९७३ मध्ये यामाहाने आरडी ३५० बाजारात आणली, तीही पुढे डिस्क घेऊनच. आपल्याकडे दहा वर्षांनी ती आली तेव्हा किंमत आटोक्यात राहावी म्हणून ड्रमवर भागवलं गेलं.

म्हणजे मी ज्याला ओरिजिनल म्हणत होतो, ती मूळ गाडीत केलेली काटकसर होती. काटकसर करणाऱ्यांना मी दोष देत नाही. इथल्या खिशाला आणि इथल्या रस्त्यांना बघून त्यांनी हिशेब केला, आणि नीट राखला तर हा ड्रम बराच चालतो. पण त्या हिशेबाला मी खानदान समजून पुजत होतो.

हे मला आधी माहीत नव्हतं का? होतं. मासिकं माझीच, पानांच्या कडेला पेन्सिलीच्या खुणाही माझ्याच. १९७३ च्या खाली रेघ ओढलेली आहे. माहिती घरात होती. तिच्याकडे बघितलं असतं तर कामठीवाल्याला बोललेलं वाक्य गिळावं लागलं असतं, म्हणून बघितलं नाही.

आधी ड्रमच नीट करून घेतला. ड्रम लेथवर साफ केला, नवे लायनर चढवले, त्यांची गोलाई ड्रमला बसेपर्यंत घासली, केबल बदलली, सळी जुळवली. आणि गाडी थांबायला लागली. चांगलीच थांबायला लागली. हे मला सगळ्यांत जास्त लागलं. इतकी वर्षं ज्याला मी गाडीचा स्वभाव म्हणत होतो, तो निम्मा माझा आळस होता.

मग डिस्क कशाला, असं कुणी विचारेल. मीही स्वतःला विचारलं. पाणी शिरलेला ड्रम कोरडा होईपर्यंत काय करतो, ते पावसाळ्यात रोज कळत होतं. पण खरं कारण वेगळं. माझ्यावर माझाच भरवसा उरला नव्हता. ड्रम राखायला लागणारी शिस्त माझ्यात आहे, याचा मागच्या वर्षांत एकही पुरावा नव्हता.

कायद्याचाही प्रश्न होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत ते पुन्हा ठासून सांगितलं. मला ते योग्यच वाटतं; कुठल्याही गाडीचे पाय कुठल्याही गाडीला लावून लोक रस्त्यावर येतात. म्हणून दुसऱ्या कंपनीच्या नव्या गाडीचं पुढचं अंग उचलून लावायचं नाही, जपानी आरडीचाच संच मिळाला तर बघायचं आणि तोही विचारून-सवरून, असं ठरवलं. फोर्कचे खालचे पाय, हब, चकती, कॅलिपर, मास्टर सिलिंडर, सगळं एका वंशाचं. (बघा, हा वंशाचा किडा अजून वळवळतोय.)

असा संच कुठे मिळतो, हे माहीत असलेला माणूस माझ्या ओळखीत एकच होता, कामठीचा. गेलो. चहा झाला. मी 'कलेवर' या शब्दाबद्दल बोलायला सुरुवात केली तर तो म्हणाला, "सोडा हो सर, कॅलिपरचे सील आधी बघा, जुन्या संचात तेच मेलेले असतात." आणि तासभर मला सील, पिस्टन आणि हवा काढायची पद्धत शिकवत बसला. त्या दिवशी तो निरुत्तर झालाच नव्हता, हे तिथे कळलं. माझ्याशी बोलण्यात अर्थ नाही, एवढं त्याने ताडलं होतं.

बसवताना माझ्या हलगर्जीपणाने ब्रेक ऑइल टाकीवर सांडलं. ब्रेक ऑइल रंग खातं. पुसेपर्यंत त्या जिवापाड मिळवलेल्या छटेवर रुपयाएवढा डाग उठला. मिस्त्री हळहळले. मला हसू आलं.

डिस्क बसली, पण बोटं बसेनात. मेंदूला पटलं होतं की ब्रेक लागताना वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं, म्हणून थांबवायचं काम मुख्यतः पुढच्या चाकाचंच. मामांचं वाक्य मात्र अजून मनगटात होतं. पहाटे खिंडसी तलावाच्या रस्त्यावर, कुणी नसताना, मी सरळ पट्ट्यात दोन बोटांनी लिव्हर ओढायचा सराव करू लागलो. आधी ३० च्या वेगात, मग ४०. हळू सुरुवात करायची आणि दाब वाढवत न्यायचा; झटका द्यायचा नाही. पहिल्यांदा गाडीने पुढचं नाक खाली घातलं तेव्हा मी घाबरून लिव्हर सोडूनच दिलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस रिकाम्या रस्त्यावर गाडी थांबवायला शिकतोय, हे बघून फिरायला आलेल्या एकाने विचारलंसुद्धा, "नवीन घेतली का जी?"

मामा अगदीच चूक नव्हते, हेही तिथेच कळलं. वाळूवर, शेणाच्या सड्यावर, ओल्या मुरमावर पुढचं चाक जाम झालं तर गाडी आडवी होते आणि माणूसही. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ च्या एप्रिलपासून एबीएस सक्तीचं आहे, चाक जाम होऊ देत नाही. माझ्या गाडीला ते नाही. तेव्हा खडीवर मी अजून मामांचं ऐकतो, डांबरावर नाही.

आरडीवाल्यांत माझ्याबद्दल आता दोन मतं आहेत. एक तरुण पोरगा मला म्हणाला, "सर, तुम्हीच बिघडवली तर आम्ही कोणाकडे बघावं?" अगदी माझाच जुना सूर. त्याला काही ऐकवलं नाही. चल म्हटलं, गडावर चक्कर मारू, येताना तू चालव. तो चालवून आला. मत बदललं का, ते विचारलं नाही. कॅलिपरचे सील कुठे मिळाले, एवढं मात्र त्याने विचारलं.

मागच्या दिवाळीत एक गृहस्थ नागपूरहून गाडी बघायला आले. डिस्क बघून चेहरा पडला. "ओरिजिनल ड्रमचं चाक फेकलं का?" फेकलं नव्हतं. नवे लायनर आणि साफ केलेला ड्रम असलेलं ते चाक गोणपाटात गुंडाळून माडीवर ठेवलंय. दाखवलं. त्यांनी गाडीचा भाव विचारला. विकायची नाही म्हणालो. मग नुसत्या चाकाचा विचारला, आणि बराच चांगला आकडा बोलले. बायकोने स्वयंपाकघरातून खूण केली, द्या म्हणून. मी त्यालाही नाही म्हणालो. इतकं काही माझं मन बदललेलं नाही.